पंचावन्न किलोच्या आत

पहिल्यांदा हे सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी मला नावं ठेवायला नको: पुतळाबाईंचं शाळेतलं काम जायची वेळ आली ती माझ्यामुळे. एकदा नव्हे, दोनदा. पहिल्यांदा मी पत्र लिहिलं म्हणून आणि दुसऱ्यांदा मी साबुदाण्याची खिचडी केली म्हणून.

मी दिलीप गिजरे. मूळचा कऱ्हाडचा, गेली बावीस वर्षं नेरूळला. महाप्याला एका औषधांच्या कंपनीत क्वालिटीला आहे. बाटलीत दोन ग्रॅम पावडर कमी भरली गेली तरी अख्खी बॅच थांबवून सगळ्यांच्या शिव्या खाणारा माणूस. घरात बायको अरुणा आणि मुलगी श्रुती. सोसायटीत माझ्या पाठीमागे मला 'अर्जवाले' म्हणतात. म्हणू देत. पाणी कमी दाबाने आलं की अर्ज, रस्ता खणून ठेवला की अर्ज, गणपतीत स्पीकर मोठा लावला की अर्ज. माणसाने तोंडी भांडू नये, लेखी भांडावं, असं माझं मत आहे. होतं, म्हणा.

तर पुतळाबाई. पुतळा दत्तू तांडेल, राहणार सारसोळे. आमच्या बिल्डिंगपासून चालत दहा मिनिटांवर तिचं घर. नवरा दत्तू छोटी होडी घेऊन खाडीत जातो, आणि ही सकाळी सेक्टरच्या मार्केटात मच्छी घेऊन बसते. दुपारी एकला टोपली धुऊन घरी, आणि तीनच्या ठोक्याला श्रुतीच्या शाळेच्या मैदानावर, मुलींना कबड्डी शिकवायला. पदर खोचलेला, पाय अनवाणी, गळ्यात शिट्टी नाही. शिट्टीची गरजच नाही तिला. मार्केटात तीस वर्षं 'घ्या हो ताजी' करून जो गळा तयार झालाय, तो तिसऱ्या मजल्यावरच्या गणिताच्या तासाला ऐकू येतो.

ती शाळेत पोचली कशी, हा किस्सा शाळेतली सगळी पोरं सांगतात. शाळेच्या मैदानाची भिंत गल्लीला लागून आहे आणि पुतळाबाईंचा घरी जायचा रस्ता त्याच गल्लीतून. खेळाचे शिक्षक आकाश सर. भला माणूस, पण जीव सगळा क्रिकेटमध्ये. मुलींना 'खेळा गं कबड्डी' म्हणून सोडून द्यायचे आणि स्वतः मुलांना बॉलिंग टाकायचे. पुतळाबाईंनी तीन दिवस भिंतीवरून तो तमाशा बघितला. चौथ्या दिवशी राहवेना. डोक्यावर रिकामी टोपली, आणि बाहेरूनच ओरडल्या, "काय गो पोरी, कमरेला काय मिठी मारतेस? नवरा हाय का तुजा? घोटा धर, घोटा!"

पोरी हसून लोळल्या. पण एकीने खरंच घोटा धरला, आणि चढाईला आलेली धिप्पाड मुलगी सपशेल आडवी. आकाश सरांनी फाटक उघडून बाईंना आत घेतलं. टोपली भिंतीशी ठेवून त्यांनी अर्धा तास शिकवलं, दुसऱ्या दिवशी परत आल्या, तिसऱ्या दिवशी परत. पहिलं वर्ष फुकट. मग आकाश सरांनीच संस्थेला सांगून त्यांना कंत्राटावर घ्यायला लावलं. गावच्या मंडळाकडून त्या अकरा वर्षं खेळलेल्या, हे तेव्हा कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं.

त्यांची शिकवायची तऱ्हा वेगळी. नवी मुलगी आली की पहिला महिना तिला नावच नाही. नुसतं बघायचं. ती पळते कशी, घाबरते कशाला, पडल्यावर रडते की चिडते. महिन्याने नाव ठेवायचं, आणि एकदा नाव पडलं की मैदानातली जागा ठरली. शायमा नावाची एक किडकिडीत मुलगी आहे, चढाईला गेली की हातातून निसटते आणि उडी मारून मध्यरेषेवर येते. ती बोय. खाडीत पाण्याबाहेर उड्या मारणारा मासा असतो, तो. सई नावाची आहे, ती चिखलात दडून बसल्यासारखी गप्प असते आणि मग अचानक हलते. ती निवटी, खाडीच्या चिखलातला मासा. आमची श्रुती नववीत गेल्यावर संघात आली. महिना झाला आणि एका संध्याकाळी घरात नाचत शिरली.

"बाबा, मला नाव मिळालं! डावा कोपरा मिळाला!"

"कुठलं नाव?"

"चिंबोरी!"

अरुणाच्या हातातला डाव आमटीत पडला. चिंबोरी म्हणजे खेकडा. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही हो. माझी आई चातुर्मासात वांगंसुद्धा खात नव्हती, आणि तिची नात खेकडा! श्रुती बिचारी मला समजावत होती, "अहो बाबा, चिंबोरी एकदा धरलं की सोडत नाही, म्हणून." मी कसला ऐकतोय. त्याच संध्याकाळी टेबलावर बसून मी शाळेला पत्र लिहिलं. पत्र चांगलं उतरलं होतं, खोटं कशाला बोलू. त्यातलं एक वाक्य अजून पाठ आहे: "सदर महिला कोणतेही क्रीडा प्रशिक्षण प्रमाणपत्र धारण करीत नसून, ती थेट मासळी बाजारातून मैदानावर येत असल्याने तिच्या अंगास येणाऱ्या वासाचा विद्यार्थिनींना उपद्रव होतो. तसेच ती विद्यार्थिनींस जलचरांची नावे ठेवते."

'जलचरांची' या शब्दावर तर मी स्वतःवरच खूश झालो होतो.

पत्राचा परिणाम असा झाला, की संस्थेच्या सचिवांनी पुतळाबाईंना बोलावलं, पत्र समोर वाचून दाखवलं आणि अट घातली. या वर्षी मनपाची स्पर्धा जिंकून संघ विभागाला गेला तर तुमचं काम चालू. नाही गेला तर दिवाळीनंतर एका अकादमीचा सर्टिफिकेटवाला कोच. मला हे श्रुतीकडून कळलं. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, आणि त्यानंतर चार दिवस बोललीही नाही. मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम." अरुणा भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, पत्र टाकायच्या आधी एकदा जाऊन बघायचं तरी. सोसायटीचा पंप बिघडला तर खाली जाऊन बघता ना?"

हे मला लागलं. शनिवारी गेलो. चुका काढायला म्हणूनच गेलो होतो, वहीसुद्धा घेतली होती. मैदानावर पुतळाबाई स्वतः चढाईला आलेल्या, पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांची बाई, आणि सहा पोरी तिच्यावर तुटून पडलेल्या. "धर ना! घाबरतेस काय, मी काय तुजी सासू हाय?" असं ओरडत ती दोन पोरींना ओढत रेषेपर्यंत गेली, आणि डाव्या कोपऱ्यातून आमची श्रुती, माझी श्रुती, जी घरात झुरळ बघून सोफ्यावर चढते, ती पोटावर झेपावली आणि दोन्ही हातांनी घोटा आवळून पडून राहिली. तोंडात माती. सोडेनाच. पुतळाबाई खाली पडल्या पडल्या हसत म्हणाल्या, "बस गो बाय, सोड आता, पाय माजा हाय." मी वही खिशात ठेवली.

मग त्या पाणी प्यायला माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मी मुद्दाम श्वास घेतला, आणि आला तो लिंबाचा वास. बघितलं तर त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झालेले. नंतर श्रुतीने सांगितलं, ते पत्र वाचून दाखवल्यापासून त्या रोज दुपारी लिंबाच्या साली हाताला घासून येतात. सुरीच्या चिरा असतात हाताला, त्यात लिंबू किती झोंबत असेल. मला लाज वाटली. पण लगेच माफी मागेन तर मी अर्जवाला कसला? मी फक्त दुसऱ्या दिवशीपासून ऑफिसातून चारलाच निघून मैदानावर जायला लागलो आणि पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायला लागलो. त्या मला 'सायेब' म्हणायच्या. पत्राविषयी एक अक्षर नाही. त्यानेच मी जास्त अस्वस्थ व्हायचो.

सप्टेंबरात स्पर्धा आली. शालेय कबड्डीत या गटाला वजनाची मर्यादा असते, पंचावन्न किलो. सामन्याच्या सकाळी पंच प्रत्येक मुलीला काट्यावर उभं करतात, आणि काटा पुढे गेला की मुलगी बाद. श्रुती साडेचोपन्नच्या आसपास असायची, म्हणजे काठावर. आदल्या दिवशी दुपारी पुतळाबाईंचा पालकांच्या ग्रुपवर आवाजी निरोप आला. मी तो तीनदा ऐकला आणि कागदावर उतरवला, कारण मी तसाच आहे. "आज रातच्याला पोरींना भात नको, चपाती नको, भाकरी नको. मच्छी नको, मटन नको, वडापाव तर नकोच नको. हलकं कायतरी द्या. सकाली पोट रिकामं पायजे."

अरुणाला त्या संध्याकाळी तिच्या बहिणीकडे करंजाड्याला जायचं होतं. मी म्हटलं, तू जा, पोरीचं मी बघतो. आता तुम्हीच सांगा, भात नाही, चपाती नाही, भाकरी नाही, आणि हलकं. आमच्यासारख्या घरात हलकं म्हणजे काय? उपासाचं! जन्मभर ऐकलंय, पोटाला आराम म्हणून उपास. मी साडेसहाला ओटा ताब्यात घेतला. साबुदाणा दुपारीच भिजत टाकला होता. खिचडी केली, साजूक तुपात, दाण्याचं कूट सढळ हाताने. मग वाटलं, पोरीला उद्या तीन सामने खेळायचेत, तर रताळ्याचा कीस केला. वरई शिजवली आणि तिच्यावर दाण्याची आमटी. निरोपाचा कागद पुन्हा काढून बघितला. भात नको म्हटलंय, वरई नको म्हटलेलं नाही. एकेक पदार्थावर मी मनातल्या मनात बरोबरची खूण केली.

श्रुती म्हणाली, "बाबा, हे जास्त होतंय."

"अगं उपासाचं आहे, पोटात राहतं कुठे? खा."

पोरगी बापाच्या शब्दाबाहेर नाही, खाल्लं. बाप पहिल्यांदाच तिच्या कबड्डीसाठी काहीतरी करत होता ना, तिला तेही मोडवेना. सकाळी निघताना हातावर दही-साखर ठेवली, कारण त्याशिवाय आमच्या घरातून कोणी परीक्षेला गेलेलं नाही. आणि गाडीत दोन राजगिऱ्याचे लाडू दिले. राजगिऱ्याच्या लाडवात असतं काय, निम्मी हवाच असते.

वाशीच्या मैदानावर साडेसातला वजनं सुरू झाली. शायमा एकोणपन्नास. सई त्रेपन्न. श्रुती काट्यावर चढली आणि आकडा आला पंचावन्न किलो सहाशे ग्रॅम. पंचांनी तिला उतरवून पुन्हा चढवलं. तेच. "नऊपर्यंत वेळ आहे, तेव्हा शेवटचं वजन होईल," म्हणाले आणि पुढच्या शाळेला हाक मारली.

पुतळाबाईंनी श्रुतीला बाजूला घेतलं. "काय खाल्लंस गो?" श्रुती माझ्याकडे बघायला लागली. मग मीच पुढे झालो आणि खिशातून कागद काढून एकेक पदार्थ सांगितला. निरोपात यातलं काहीच नाव घेऊन मना केलेलं नव्हतं, हेही सांगितलं. पुतळाबाई तोंड उघडं टाकून ऐकत होत्या. "सायेब," त्या म्हणाल्या, "शेंगदाने? तूप? साबुदाना? त्याच्यापरीस भाकरी दिली असती तर बरं झालं असतं ओ!" मग माझ्या अंगातलं विंडचीटर त्यांनी काढायला लावलं, श्रुतीच्या अंगात घातलं, वर आणखी दोघींची जॅकेटं. "पल. मैदानाला चक्कर मार, घाम काढ." आणि माझ्याकडे वळून, "तुमी काय बगता? तुमी चारलंत ना? तुमी पन पला."

मी पळालो. त्रेपन्नाव्या वर्षी, ऑफिसच्या बुटात, अख्ख्या नवी मुंबईतल्या शाळांसमोर मी लेकीच्या बरोबरीने पळालो. दोन चकरांनंतर माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले आणि मी गवतावर बसलो. श्रुती पळत राहिली. पळायची, दोरीवरच्या उड्या मारायची, पुन्हा पळायची. आठ चाळीसला काट्यावर घेतलं. पंचावन्न दोनशे.

वीस मिनिटं आणि दोनशे ग्रॅम. मला माझा धंदा माहीत आहे, दोनशे ग्रॅम म्हणजे एक पेला पाणी. पोरीचे ओठ पांढरे पडले होते, पाय लटपटत होते, तरी ती पुतळाबाईंना म्हणत होती, "मावशी, मी पळते अजून." तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते मला आजही आठवलं की कुणाला तोंड दाखवू नये असं वाटतं. मी म्हणालो, "बाथरूममध्ये जा आणि घशात बोट घालून ओकून ये. दोनशे ग्रॅमचा तर प्रश्न आहे."

पुतळाबाई माझ्याकडे वळल्या. ओरडल्या नाहीत. एवढा मोठा गळा, पण तेव्हा अगदी हळू बोलल्या. "सायेब, पोर हाय ती. टोपली नाय, की कलंडली, पानी सांडलं आनि हलकी झाली."

मग त्यांनी श्रुतीच्या अंगातली जॅकेटं एकेक करून काढली, तिला सावलीत बसवलं, माझ्याच हातातली बाटली घेतली आणि तिच्यापुढे धरली. "पी."

"मावशी, पाणी प्यायले तर वजन..."

"पी म्हनते ना. सगली पी."

श्रुती रडत रडत प्यायली. मी उभा होतो तिथेच. त्या बाटलीबरोबर या बाईचं काम जातंय, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, पोरींनाही माहीत होतं. ती मात्र श्रुतीची पाठ चोळत बसली होती, जसं काही दुसरं काहीच काम नाही.

दोन सामने शायमाच्या चढायांवर निघाले. अंतिम सामना एका गुणाने गेला. शेवटच्या चढाईला समोरची मुलगी आली ती थेट डाव्या कोपऱ्यात, जिथे श्रुती असायची आणि त्या दिवशी सई होती. सईने घोटा धरला, पण सुटला. सई मैदानातच तोंड झाकून बसली. पुतळाबाईंनी तिला उठवून कडेवर घेतल्यासारखं पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, "निवटीला कोपरा दिला, चूक माजी हाय. तुजी नाय."

परत येताना त्या आमच्या गाडीत बसल्या. सारसोळ्याला उतरताना त्यांनी काचेतून वाकून विचारलं, "सायेब, खिचडीत कूट किती घातलं होतं?"

"दोन वाट्या," मी म्हणालो.

"मग बरोबर हाय," म्हणाल्या आणि गेल्या.

मला तीन दिवस जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी मी पत्र लिहायला बसलो. पहिल्यांदाच असं झालं की मला शब्द सुचेनात. संस्थेची सभा दिवाळीच्या आठ दिवस आधी होती. पुतळाबाईंना बाहेर बाकावर बसवलेलं, दत्तू शेजारी पांढरा शर्ट घालून. मी आत गेलो आणि म्हटलं, पत्र वाचून दाखवतो. आधीचंही मीच लिहिलं होतं, हेही सांगितलं. "सदर पराभवास सदर महिला जबाबदार नसून, अधोस्वाक्षरीकार व त्याने केलेली खिचडी जबाबदार आहे," असं मी वाचलं आणि सगळी सभा हसली. हसण्यासारखंच होतं ते. पण पुढचं वाक्य होतं, "सदर महिलेने स्वतःचे काम पणाला लागले असताना माझ्या मुलीस पाणी पाजले," आणि तिथेच मी थांबलो. मोठ्या माणसाने चारचौघांत रडावं तसा मी रडलो, म्हणजे वाईट दिसलं. कोणीतरी पाणी दिलं.

सचिवांनी पत्र मागून घेतलं आणि स्वतः पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "ठीक आहे. एक वर्ष. पुढच्या वर्षी संघ विभागाला गेला पाहिजे."

"लेखी द्या," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर पुतळाबाईंना सांगितलं, तर त्या आधी दत्तूकडे बघून हसल्या आणि मग मला म्हणाल्या, "तुमच्या पयल्या पत्राची तुमी ठेवलेली झेरॉक्स मी श्रुतीकडून मागून घेतलीय. घरी हाय. 'सदर महिला'! दत्तू आता मला त्याच नावाने हाक मारतो. सदर महिला, चहा ठेव." मी हात जोडले. माफी लेखी नव्हती, तोंडी होती, आणि नीट जमली पण नाही. त्यांना चालली.

हे झालं गेल्या वर्षीचं. या वर्षी श्रुती दहावीला. सोसायटीत सगळे म्हणाले, बंद करा खेळ, बोर्डाचं वर्ष आहे. मागच्या वर्षी मीच म्हटलं असतं. मी क्लासवाल्यांना अर्ज दिला, की माझ्या मुलीची दुपारची बॅच सकाळी करून द्यावी. करून दिली.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला बेल वाजली. दारात पुतळाबाई. दोन वर्षं श्रुतीला शिकवत होत्या, पण आमच्या घरी त्या कधी आल्या नव्हत्या. बोलावलं की म्हणायच्या, मार्केटातून आलेय, नको, वास येईल. त्या दिवशी चप्पल काढून सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. "वहिनी, साबुदाना कुटं ठेवता?" अरुणाने फडताळ दाखवलं. पुतळाबाईंनी डबा उचलला, मग दाण्याच्या कुटाची बरणी उचलली, राजगिऱ्याच्या लाडवांचा पुडा पिशवीतून बाहेर डोकावत होता तोही उचलला. "उद्या परत देते," म्हणाल्या. अरुणा हसून हसून ओट्याला टेकली. श्रुतीला त्या रात्री अरुणाने मुगाचं पातळ वरण दिलं, आणि मला बाहेरच्या खोलीत बसवून ठेवलं होतं.

सकाळी काटा आला चोपन्न सातशे. मी पंचांना पुन्हा बघायला लावलं, सवय आहे. चोपन्न सातशेच. दही-साखर मी घरून डबीत आणली होती, ती पुतळाबाईंनी वजनानंतर स्वतः श्रुतीच्या हातावर ठेवली.

अंतिम सामना त्याच शाळेशी. शेवटच्या चढाईला आम्ही एक गुण पुढे, आणि समोरची तीच मुलगी आली. कोपरा तोच. श्रुती खाली वाकून थांबली होती. ती मुलगी हात फिरवून वळली, आणि आमची पोरगी पोटावर झेपावली. पुतळाबाई रेषेबाहेरून ओरडत होत्या, "चिंबोरी, सोडू नको! चिंबोरी!" आणि माझ्याही तोंडातून तेच निघालं. कऱ्हाडच्या गिजऱ्यांचा मुलगा, वाशीच्या मैदानात उभा राहून लेकीला खेकडा म्हणून बेंबीच्या देठापासून हाका मारतोय. तिने सोडलं नाही. शिट्टी वाजून वर शायमा येऊन पडली तरी सोडलं नाही.

ढिगातून पोरी सुट्या झाल्या, रडून झालं, फोटो झाले. सचिवांचा फोन आला, संघ विभागाला चालला, पुतळाबाईंचं काम कायम. मग पुतळाबाईंनी दत्तूला हाक मारली. तो रिक्षातून कापडात बांधलेलं मोठं पातेलं घेऊन आला. झाकण काढलं तर आत साबुदाण्याची खिचडी. माझ्याच डब्यातला साबुदाणा, माझ्याच बरणीतलं कूट.

पोरींनी कागदी बशा पुढे केल्या. मला वाढायच्या आधी पुतळाबाई थांबल्या. पातेल्याच्या कडेवर अजून दुकानाचं लेबल चिकटलेलं होतं, त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "सायेब, भांडं नवं हाय. कालच आनलं. मच्छीचं कायपन शिजलं नाय ह्याच्यात. वास नाय येनार."

हे त्या टोमणा म्हणून बोलल्या असत्या ना, तर मला सोसलं असतं. त्या मनापासून सांगत होत्या, पाहुण्याने निर्धास्त जेवावं म्हणून. खिचडीत हळद होती, मोहरी होती, उपासाला यातलं काहीच चालत नाही, आणि साबुदाण्याचा गोळा झाला होता. मी बशी रिकामी केली आणि पुन्हा पुढे धरली.

"आणखी वाढा," मी म्हणालो, "चिंबोरीच्या बापाला."

"वाढते," पुतळाबाई म्हणाल्या. "तुमचं वजन कोन करनार हाय?"